तिओ नेमेसियो, तुमचा फोन आला आहे

मी टेलिफोन बोलतोय. दचकू नका. जन्मभर दुसऱ्यांचंच बोलणं इकडून तिकडे वाहिलं. एकदा तरी आपलं म्हणणं मांडावं असं वाटलं, म्हणून आज स्वतःहून तोंड उघडलंय.

सांता इनेस गावातले लोक येणाऱ्या-जाणाऱ्याला माझ्याकडे बोट दाखवून सांगतात, ‘या फोनने गाव वाचवलं.’ मला ते ऐकवत नाही. एका फोनमुळे गाव वाचलं हे खरं, पण तो फोन गावाला आलेलाच नव्हता. तो आला होता तिओ नेमेसियोला. त्याच्या आयुष्यातला तो एकुलता एक खरा फोन, आणि तो घ्यायला तो आला नाही.

पण असं शेंड्याकडून सांगायला घेतलं तर तुम्हाला काही कळायचं नाही. बुंध्यापासून सांगतो.

माझा जन्म राजधानीतल्या एका कारखान्यात झाला. रंग तपकिरी, अंगाने जाडजूड, आवाज खणखणीत. माझ्या भावंडांच्या नशिबी कचेऱ्या आल्या, हॉटेलं आली, एक तर म्हणे कुठल्याशा मंत्र्याच्या उशाशी गेला. माझ्या नशिबी आला डोंगर. आधी ट्रक, मग जीप, आणि जिथे जीपनेही हात टेकले तिथून पुढे खेचराची पाठ. त्या प्रवासात माझी हाडं खिळखिळी झाली ती आजवर तशीच आहेत.

एवढ्या दऱ्याखोऱ्यांतून तारा ओढायला कोण येणार? म्हणून छपरावर तबकडी बसवून हवेतून आवाज पकडायचं ठरलं. मला बसवायला आलेला माणूस यंत्र घेऊन गावभर हिंडला. चौकात बघितलं, शाळेत बघितलं, पंचायतीत बघितलं. आवाज कुठेच पकडेना. सगळं गाव खाली नदीकाठी वसलेलं, दोन्ही बाजूंनी डोंगर. शेवटी आवाज सापडला तो पार वरच्या टेकाडावर, देवळाला लागून असलेल्या ओदिलियाबाईच्या दुकानात.

गाव चिडलं. “फोन करायला जायचं की नवस फेडायला?” असं बायका चढण चढताना धापा टाकत म्हणायच्या. ओदिलिया आतून ऐकायची आणि म्हणायची, “नवस फुकट फेडता येत नाही बाई, आलीच आहेस तर साबण घेऊन जा.”

ही ओदिलिया म्हणजे माझी मालकीण. नवरा लवकर गेला, मूल नाही, पण गावाला तिच्या आवाजाचा धाक. तो आवाज मुळातच मोठा, त्यात तिच्या छपरावर भोंगा. कारण खाली राहणाऱ्याला वर फोन आलाय हे कळणार कसं? तर रीत अशी होती. मी वाजलो की ती उचलायची, कोण हवंय विचारायची आणि सांगायची, ‘ठेवा आता, बोलावते, थोड्या वेळाने परत करा.’ मग भोंग्यावरून नाव पुकारायची. “कॉन्सुएलो, ऐकलंस का कॉन्सुएलो, तुझ्या मुलाचा फोन आहे. हातातलं टाक आणि ये.” डोंगर तेच नाव उलटून म्हणायचा. मग कॉन्सुएलो झग्याला पीठ पुसत धावत सुटायची आणि कुणाचा फोन कुठून आला हे सगळ्या गावाला कळायचं. गुपित म्हणून काही राहायचं नाही. मधेच, हात लागलाच आहे म्हणून, ती भोंग्यावर इतर कामंही उरकून घ्यायची. “अब्दोन, तुझं डुक्कर माझ्या भोपळ्यात शिरलंय. तू येतोस की मी सुरी आणू?”

मला माणसं बघायला मिळाली हो. फोनवरून तोंड दिसत नाही हे ठाऊक असून बायका बोलण्याआधी केस सारखे करायच्या. गावातली जवान माणसं बहुतेक उत्तरेला, सीमेपलीकडे बांधकामावर. तिकडचा मुलगा म्हणायचा, ‘मी मजेत आहे,’ इकडची आई म्हणायची, ‘इकडेही सगळं ठीक.’ दोघंही खोटं बोलायची आणि दोघांनाही ते कळायचं. आणि शेवटी मुलगा हमखास म्हणायचा, “आई, फोन जरा खिडकीशी धर. नदी ऐकव.” मग ती रिसीव्हर खिडकीबाहेर धरायची आणि दोघंही गप्प राहायची. नदी मोठी धिंगाणेखोर होती, टेकाडापर्यंत तिचा आवाज यायचा. तेव्हा मला ती आवडायची.

तिओ नेमेसियोचं घर सगळ्यात खाली, पाण्यापासून हाकेच्या अंतरावर. तिओ म्हणजे आमच्याकडचा काका. तो सगळ्या गावाचा काका होता, कारण त्याचं स्वतःचं कुणी नव्हतं. बायको बाळंतपणात गेली, मूलही गेलं. तरुणपणी गावच्या बँडमध्ये मोठा ढोल वाजवायचा. बँडमधला क्लॅरिनेटवाला एवारिस्तो आणि हा, दोघांचं एका ताटातलं खाणं होतं. पुढे एवारिस्तो नदीच्या वरच्या अंगाला, ला सिद्रा नावाच्या गावी घरजावई म्हणून गेला आणि येणं-जाणं तुटलं. मग केव्हातरी खेचरवाल्यांकडून बातमी आली की एवारिस्तो वारला. खरं-खोटं कुणी पाहिलं नाही. तिओ नेमेसियोने त्याच्यासाठी मेणबत्ती लावली आणि ढोल आढ्याला टांगला तो कायमचा. मग तो टोपल्या विणायला लागला.

मेणबत्त्या घ्यायला वर आला की तो बाकावर टेकायचा. दुसऱ्यांना फोनवर बोलताना बघायचा. जाताना माझ्याकडे मान वळवून म्हणायचा, “काय रे, आज कुणाला रडवलंस?” माझ्याशी बोलणारा गावातला तो एकटाच माणूस.

आणि त्याच्याशीच गावाने ती थट्टा केली.

डिसेंबरच्या शेवटी आमच्याकडे निष्पापांचा दिवस असतो. त्या दिवशी ज्याला त्याला फसवावं आणि तो फसला की ‘निष्पाप रे निष्पाप’ म्हणून चिडवावं, असा रिवाज. त्या वर्षी अब्दोन आणि बँडमधल्या टवाळ मंडळींनी ओदिलियाला गळ घातली. ती नको-नको म्हणत तयार झाली आणि तिने भोंग्यावर पुकारलं, “तिओ नेमेसियो, तुमचा फोन आला आहे. लांबून आहे, लवकर या.”

तो आला. धुतलेला सदरा, डोक्यावर सणाची टोपी, ओले केस विंचरलेले. सगळी चढण धावत चढला होता, म्हातारा. मला दोन्ही हातांनी उचलून कानाला लावलं. माझ्यात कुणीच नव्हतं, नुसता माझा एकसुरी सूर होता. तो ऐकत राहिला. मागे माणसं खिदळायला लागली तरी तो ऐकत राहिला. मग त्याने मला हळूच जागेवर ठेवलं, वळला आणि सगळ्यांबरोबर हसला. “बरं फसवलंत,” म्हणाला. टोपी काढून हातात घेतली आणि खाली गेला.

त्यानंतर तो पुन्हा माझ्याकडे फिरकला नाही. मेणबत्त्यासुद्धा दुसऱ्या कुणाकडून मागवायचा.

आता त्या दिवसाचं सांगतो.

ऑक्टोबर सरत आला होता. वरच्या डोंगरात कित्येक दिवस पाऊस झोडपत होता, पण त्या सकाळी लख्ख ऊन पडलं. मेलेल्यांचा सण तोंडावर आला होता. घरोघरी झेंडूच्या माळा, मेलेल्यांचे फोटो पुसून वेदीवर मांडलेले, पितरांना आवडणारं काय काय शिजवायचं याची धांदल. मला मात्र सकाळपासून चैन पडत नव्हतं. काहीतरी कमी होतं आणि काय ते कळत नव्हतं. घड्याळ बंद पडलं की घरात होतं ना, तसं काहीतरी.

खालून बायकांचा, मुलांचा हसण्या-ओरडण्याचा आवाज येत होता. नदी आटली होती. एवढ्या पावसानंतर आटली होती. दगड उघडे पडले होते आणि दगडांमधल्या डबक्यांत झिंगे, मासे नुसते वळवळत होते. सगळं गाव टोपल्या घेऊन पात्रात उतरलं होतं. “पितरांनीच पाठवलंय,” असं कॉन्सुएलो जाता जाता ओदिलियाला सांगून गेली. “माझ्या सासऱ्याला झिंग्यांचा रस्सा किती आवडायचा, माहितीय ना? मागून घेतोय बघ म्हातारा.”

दुपारी मी वाजलो.

“बुएनो,” ओदिलिया म्हणाली. आमच्याकडचं ते ‘हॅलो’.

“सांता इनेस का?” म्हाताऱ्या माणसाचा आवाज, जोरात, जपून. “तिथे नेमेसियो राहतो. ढोलवाला. आहे का अजून? म्हणजे, जिवंत आहे का?”

“आहे की. मघाशीच टोपली घेऊन नदीत गेला. आपण कोण?”

“मी एवारिस्तो. क्लॅरिनेटवाला.”

ओदिलियाने छातीवर क्रूसाची खूण केली. “एवारिस्तो तर कधीच वारला.”

“हो, मीही ऐकलंय तसं,” पलीकडचा म्हणाला. “माझा चुलतभाऊ वारला, नाव तेच होतं. कुणीतरी मला पुरून टाकलं वाटतं. तुम्ही ओदिलिया ना? तुमच्या लग्नात मी वाजवलंय.”

“वाजवलंय कसलं. तुम्ही मांडवात पडला होतात.”

“मी नाही पडलो. मेस्कालची दारू सांडली, मी फक्त तिच्यामागे गेलो.”

ओदिलिया इतकी हसली की तिला बसावं लागलं. मलाही बरं वाटलं. तो सांगू लागला. सणाची वेदी मांडत होता, जुने फोटो काढले. बघतो तर आमच्या वेळच्या बँडमधले सगळे एकेक करून वेदीवर येऊन बसलेले. “तुतारीवाला गेला, झांजवाला गेला. म्हटलं, बाबा, मेलेल्यांना दरवर्षी बोलावतोस, जिवंतांपैकी कुणी उरलंय का ते तरी बघ. मुलीने घरात फोन घेतलाय. सहज नंबर विचारला, सहज फिरवला. लागेल असं वाटलंसुद्धा नव्हतं.”

“थांबा, बोलावते त्याला. ठेवा आणि थोड्या वेळाने करा.”

“बोलवा. पण माझं नाव सांगू नका हं. आवाजावरून ओळखतो का बघायचंय. गाढवाचे कान आहेत त्याचे, ओळखेल.” मग जरा थांबून तो म्हणाला, “ओदिलियाबाई, एक विचारू? तुमच्याकडे नदी ऐकू येत नाही ती?”

तेव्हा मला कळलं, सकाळपासून काय कमी होतं ते.

“आटलीय,” ओदिलिया म्हणाली. “सगळे झिंगे वेचतायत.”

“आटली? आमच्याकडे वर ला सिद्रात तर मक्यात कमरेएवढं पाणी उभं आहे. वाहत नाही, नुसतं उभं आहे आणि चढतंय. म्हणून तर घरी बसलोय ना, नाहीतर कुठला वेळ मिळायला फोन करायला. बरं, ठेवतो. बोलवा त्याला.”

ओदिलियाने भोंगा सुरू केला. “तिओ नेमेसियो, तुमचा फोन आला आहे. तिओ नेमेसियो, फोन.” दारात जाऊन उभी राहिली. खाली पात्रात माणसं मुंग्यांसारखी पसरलेली. लाल झगे, पांढऱ्या टोप्या, उघडी पोरं. कुणीतरी मान वर करून बघितलं, पुन्हा वाकलं.

ती तिथेच उभी राहिली. तिचे ओठ हलत होते. वर पाणी उभं आहे, खाली पाणी नाही. वर चढतंय, खाली आटतंय. आणि मधे तो डोंगर, जो दिवसरात्र भिजत होता. मी तिला पाठमोरी पाहत होतो. तिचा हात चौकटीवर गेला आणि तिने ती घट्ट धरली.

डोंगर खचून नदीत बसला होता. पाणी त्याच्यामागे थोपलं होतं आणि जागा शोधत होतं.

“सगळे वर या,” ती भोंग्यावर ओरडली. “नदीतून बाहेर निघा. पाणी येतंय. सगळे आत्ताच्या आत्ता वर या.”

खालून हसण्याचा आवाज आला. खरंच आला, मी ऐकला. दर पावसाळ्यात तिने ‘पूर येतोय, पूर येतोय’ म्हणून गाव वर बोलावलं होतं आणि दर वेळी पूर चौकाच्या खालीच थबकला होता. आणि आज तर पाण्याचा टिपूस नाही. अब्दोन खालून ओरडला, “ओदिलियाबाई, तुमच्याकडे कुठली नदी आलीय? आमची तर गेली.” पुन्हा हसले.

क्षणभर तिने माझ्याकडे बघितलं. मग तिने जे केलं ते त्या गावातल्या बाईलाच सुचावं. पुरासाठी सांता इनेसचा माणूस हातातली टोपली ठेवायचा नाही. पण भोंग्यावर नाव आलं की तो जळतं घर सोडून येईल.

तिने घसा साफ केला आणि नेहमीच्या आवाजात पुकारलं, “कॉन्सुएलो, तुझ्या मुलाचा फोन आहे. उत्तरेतून. पोरांनाही घेऊन ये, त्याला सगळ्यांशी बोलायचंय.”

कॉन्सुएलोच्या मुलाचा फोन येईनासा झाला होता. जिवंत आहे की नाही तेही तिला ठाऊक नव्हतं. ती सगळ्यांच्या आधी धावली.

मग एकामागून एक नावं. हिचा नवरा, त्याचा भाऊ, हिची शहरात कामाला गेलेली लेक. ज्यांचं बाहेर कुणी नव्हतं त्यांना जमिनीच्या कचेरीचा फोन, दवाखान्याचा फोन. अब्दोनला म्हणाली, “तुझी मेहुणी आहे फोनवर, रडतेय.” श्वास न घेता बाई नावं घेत होती आणि प्रत्येक नावापाशी म्हणत होती, घरातल्या सगळ्यांना घेऊन ये. मी गप्प बसलो होतो. त्यांतला एकही फोन माझ्यात नव्हता.

आणि मधे मधे, प्रत्येक चार-सहा नावांनंतर, “तिओ नेमेसियो. तिओ नेमेसियो, खरंच फोन आहे. एवारिस्तोचा आहे.” आता नाव लपवण्यात काय अर्थ होता?

माणसं यायला लागली. ओल्या पायांनी, टोपल्यांसकट, पोरं काखेत मारून. “कुठाय? कुठाय फोन?” दुकान भरलं, पायऱ्या भरल्या, देवळाचं अंगण भरलं. ओदिलिया म्हणत होती, “थांबा, परत येईल, उभे राहा, कुणी खाली जाऊ नका.” काहींना तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं. ते बाहेर जाऊन वरच्या दरीकडे बघत राहिले.

“तिओ नेमेसियो कुठे आहे?” तिने कॉन्सुएलोला विचारलं.

“तो माझ्या शेजारीच वेचत होता. पहिल्यांदा नाव आलं तेव्हा हसला. म्हणाला, डिसेंबर यायचाय अजून, आत्तापासूनच सुरू झाले का?” कॉन्सुएलोला धाप लागली होती. “मग तुम्ही एवारिस्तोचं नाव घेतलंत. तेव्हा मात्र त्याचं तोंड उतरलं. म्हणाला, मी हे झिंगे त्याच्याच वेदीसाठी वेचतोय. त्याला आवडायचे. माझी काय थट्टा करायची ती करा, पण मेलेल्या माणसावरून थट्टा करू नये. एवढं बोलून तो लांबच्या डोहाकडे गेला.”

अब्दोन माझ्यासमोर उभा होता, मेहुणीच्या फोनची वाट बघत. त्याने टोपली खाली ठेवली आणि तो गर्दीतून वाट काढत उताराला लागला.

“परत ये,” त्याची बायको किंचाळली. तो गेलाच.

ओदिलियाने भोंगा पुन्हा धरला. तिचा आवाज बसत चालला होता. “तिओ नेमेसियो, हा ओदिलियाचा शब्द आहे. माझ्या मेलेल्या नवऱ्याची शपथ. एवारिस्तो जिवंत आहे. मी बोलले त्याच्याशी. तो जिवंत आहे हो.” डोंगर उलटून म्हणाला, आहे हो, आहे हो.

मग कुत्री भुंकायची थांबली. दुकानातल्या काचेच्या बरण्या एकमेकींवर किणकिणायला लागल्या. माझा रिसीव्हर खोबणीत थरथरला. नदीचा आवाज मी वर्षानुवर्षं ऐकलाय, हा तिचा नव्हता. हा दगडांचा होता. वरच्या वळणावरून ती आली तेव्हा तिच्यात पाणी दिसतच नव्हतं. चिखल, झाडं आणि घराएवढाले धोंडे एकमेकांवर चढत येत होते. चौक गेला, शाळा गेली, घरं गेली. अंगणातल्या बायका गुडघ्यांवर बसल्या होत्या आणि पुरुष उघड्या तोंडाने बघत होते. प्रत्येक जण आपलं घर कुठे होतं ते शोधत होता.

अब्दोन वर आला तेव्हा त्याच्या अंगावर कोरडं काही उरलं नव्हतं. शेवटच्या वळणापर्यंत पोचला होता. पायरीवर बसून तो पुन्हा पुन्हा तेच सांगत होता. “मी हाका मारल्या. त्याने बघितलं माझ्याकडे. मी आहे म्हटल्यावर त्याला वाटलं असणार... त्याने टोपी हलवली मला. हसून टोपी हलवली आणि पुन्हा वाकला.”

कॉन्सुएलो माझ्याजवळच उभी होती. तिने ओदिलियाच्या बाहीला हात लावला आणि अगदी हळू विचारलं, “म्हणजे तो माझ्या पोराचा फोन नव्हता?”

ओदिलियाने नाही म्हणून मान हलवली. कॉन्सुएलोने नातवाला जवळ ओढलं आणि ती भिंतीला टेकली. वाचली होती, पोरं वाचली होती, आणि तिच्याइतकं दुःखी त्या खोलीत कुणी नव्हतं.

आणि मी वाजलो.

वाजायचं नव्हतं मला. पण माझ्या हातात काय असतं? सगळं गाव दाटीवाटीने माझ्याभोवती उभं होतं. गावातला प्रत्येक माणूस फोनसाठीच वर आलेला, आणि आता फोन वाजत होता तर उचलायला एकही हात पुढे येईना. शेवटी ओदिलियाने उचलला.

“बुएनो.”

“आला का?” एवारिस्तोचा आवाज खुशीत होता. “उशीर झाला जरा. अहो, आमच्याकडचं पाणी एकदम उतरलं बघा. बघता बघता उतरलं. मका पुन्हा दिसायला लागला. म्हटलं, आजचा दिवसच चांगला आहे. द्या त्याला.”

ओदिलियाने दाराबाहेर, खालच्या दरीकडे बघितलं.

“आला नाही वाटतं. हट्टी आहे, मला माहितीय. विश्वास बसला नसेल. एक काम करा, त्याला भोंग्यावर सांगा, एवारिस्तो म्हणतोय, पुन्हा ठेका चुकलास. एवढंच सांगा. मी दर मिरवणुकीत म्हणायचो त्याला, चुकला नसला तरी म्हणायचो. ते ऐकलं की शिव्या देत वर येतो की नाही बघा. मी थांबतो. या वेळी ठेवत नाही.”

तिने मला टेबलावर उताणं ठेवलं. चालत जाऊन भोंग्याचा माईक हातात घेतला. खाली दरीत चिखल वाफाळत होता आणि त्यावरून एखादं झाड सावकाश पुढे सरकत होतं. माणसांनी तिला वाट करून दिली. अब्दोनने तोंड झाकून घेतलं.

“तिओ नेमेसियो,” ती म्हणाली. नेहमीच्या, कामाच्या आवाजात म्हणाली. “तुमचा फोन आला आहे. एवारिस्तो म्हणतोय, पुन्हा ठेका चुकलास.”

डोंगराने ते उलटून सांगितलं. मग सगळे खालच्या पायवाटेकडे बघत उभे राहिले. बघण्यासारखं तिथे काही नव्हतं, पायवाटच नव्हती. तरी कुणी नजर हलवली नाही. माझ्यात एवारिस्तोचा श्वास ऐकू येत होता. तो क्लॅरिनेटची कुठलीशी धून तोंडातल्या तोंडात गुणगुणत थांबला होता.

तिओ नेमेसियो सापडला नाही. त्याचा फोटोही कुठे उरला नव्हता. पुढे रस्ता मोकळा झाल्यावर एवारिस्तो मुलीचा हात धरून आला, बरोबर बँडचा जुना फोटो घेऊन. त्यात दोघं शेजारी शेजारी उभे. जिवंताचा फोटो वेदीवर मांडू नये म्हणतात, म्हणून ओदिलियाने एवारिस्तोच्या चेहऱ्यावर झेंडूचं फूल ठेवलं. पुढे काही वर्षांनी ते फूल काढावं लागलं.

त्या पुराची बातमी टीव्हीवर झळकली आणि मग मला उसंत मिळेना. उत्तरेतून फोन, राजधानीतून फोन, वर्षानुवर्षं ज्यांनी विचारपूस केली नव्हती त्यांचेही फोन. कॉन्सुएलोचा मुलगासुद्धा बोलला. ती नुसती रिसीव्हर धरून उभी राहिली. माणसं अशीच. डोंगर कोसळला की नंबर शोधतात.

आता गाव वर टेकाडावर वसलंय. प्रत्येकाच्या खिशात आपापला फोन आहे. माझी तबकडी काढून नेली, मला मात्र ओदिलियाने फळीवर ठेवून घेतलंय, मेणबत्त्यांच्या शेजारी. ती थकली आहे, ऐकूही कमी येतं तिला. भोंगा गंजलाय. त्या दिवसानंतर तिने त्यावर कुणाचंही नाव घेतलं नाही. अब्दोन रोज संध्याकाळी येतो, बाकावर बसतो, आणि जाताना माझ्याकडे बघून मान हलवतो. बोलत नाही काही.

बाबांनो, मी पडलो एक मोडका टेलिफोन, माझं कोण ऐकणार? पण तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ज्याचं नाव भोंग्यावर कधी येत नाही. तुमच्याबरोबर शिकलेला असेल, तुमच्याबरोबर त्याने वाजवलेलं असेल, कुणीतरी तो गेला म्हणून सांगितलं असेल आणि तुम्ही खात्री केली नसेल. त्याला फोन करा. काम नसताना करा. आणि एकदा करून थांबू नका. इतक्यांदा करा, की उद्या कुणी त्याला म्हणालं, ‘तुझा फोन आलाय,’ तर ती त्याला थट्टा वाटू नये.

नदी सध्या वाहते आहे. रात्री-अपरात्रीही ऐकू येते. मी कान लावून असतो. आवाज आहे तोवर ठीक आहे.